जगमाचे दुसरे झाड

दि. १४ सप्टेंबर

चि. खारू हीस,

अनेक आशीर्वाद. या पत्रास कारण एकच, आणि ते झाड आहे.

बावीस वर्षांपूर्वी तू तुझ्या वहिनीला जगमाची दोन कलमे दिली होतीस. त्यांपैकी मागच्या अंगणातील झाड दरवर्षी टोपलीने फळ देत असे, हे तू जाणतेस. या वर्षी त्याला एकही फळ धरले नाही. फूल आले होते. मार्चमध्ये झाड पांढरे झाले, वासही नेहमीसारखा मधाचा होता. नंतर फुले गळली आणि देठांवर काहीच उरले नाही. मी दररोज सकाळी जिन्याच्या सतरा पायऱ्या उतरून पाहत होतो. सेहेचाळीस वर्षे मी छापखान्यात जुळारी होतो. जुळवलेल्या ओळीत शिशाच्या अक्षराचा एखादा खिळा ढिला असला तर मला तो बोटांना कळत असे. या झाडातही काहीतरी ढिले आहे, एवढे कळते. काय, ते कळत नाही.

एरवी मी तुला तसदी दिली नसती. परंतु चिरंजीवांनी मागच्या अंगणात माझ्यासाठी खोली बांधण्याचे मनावर घेतले आहे. मी सत्त्याहत्तर वर्षांचा असून मी जिना चढू नये, असे त्यांचे म्हणणे. आराखडा काढून आणला आहे. त्यात झाडाच्या जागी संडास आहे. मी म्हणालो, "हे झाड तुझ्या आईने लावले." तो म्हणाला, "बाबा, आईने लावलं ते फळासाठी. आता आई नाही, आणि फळही नाही."

यावर मी त्याला व सूनबाईला समोर बसवून शब्द दिला. पुढील वर्षी तीस सप्टेंबरच्या आत या झाडाने एक टोपली पिकलेले फळ दिले, तर आराखडा रद्द. न दिले, तर कुऱ्हाड मी स्वतः आणून देईन आणि निमूटपणे खाली राहावयास येईन. माझा शब्द म्हणजे काय, हे तुला सांगावयास नको.

फळ येणार याविषयी मला शंका नाही. खत कोणते घालावे, एवढेच तू कळवावेस. रोपे विकण्याचा व्यवसाय तू पत्करलास तेव्हा मी जे बोललो होतो, ते मी मागे घेत नाही; परंतु त्या व्यवसायात तू सव्वीस वर्षे टिकलीस हेही खरे आहे.

माझी प्रकृती उत्तम. जानेवारीत नवी काठी करून घेतली. घरच्याच लाकडाची, लालसर आणि वजनदार. जिन्यावर तिचा आवाज असा येतो की खाली सगळे सावध होतात. अंगणही मी नीटनेटके केले आहे. तुझ्या वहिनीने मोठ्या तोंडाची एक काचेची बाटली तारेने झाडाला टांगून ठेवली होती. ती काढून, घासून फडताळात ठेवली. तिच्या हौशी मी कधी मोडल्या नाहीत. पण झाडाला बाटली शोभत नाही.

उत्तर पत्रानेच द्यावे. दूरध्वनीवर लोक ओरडतात आणि तरी अर्धेच बोलतात.

तुझा वडील बंधू


दि. २६ सप्टेंबर

ती. दादा,

नमस्कार. सहासष्ट वर्षांची झाले, उठता-बसता गुडघे कुरकुरतात, तरी तुझ्या पत्रात मी अजून 'चि.'च. असू दे, बरं वाटतं.

सव्वीस वर्षांत तू मला झाडाबद्दल पहिल्यांदा काही विचारलंस. पत्र मी दोनदा वाचलं, मग रोपांना पाणी घालणाऱ्या बाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुमचे दादा पत्र लिहितात की निकाल देतात?"

आता झाड. भरभरून फुलं आली म्हणजे झाड उपाशी नाही, तेव्हा खताने हा प्रश्न सुटायचा नाही. घालायचंच तर चांगलं कुजलेलं शेणखत घाल, बुंध्यापासून दोन हात लांब, आणि मुळाशी पाणी तुंबू देऊ नकोस. जगम तसं सोशिक झाड. फारसं काही मागत नाही, म्हणून तर मी ते लोकांना देते. मला तीन गोष्टी कळव. एक, फुलांवर मधमाश्या येत होत्या का? दोन, फुलं असताना कुणी औषध मारलं का? तीन, दुसरं झाड कसं आहे?

इकडे फळांचा हंगाम जोरात आहे. गिऱ्हाइकं येतात, जगम तोंडात टाकतात आणि तोंड वाकडं करतात. "आंबट! तुरट!" मग मी त्यांच्या तळव्यावर दुसरं ठेवते आणि सांगते, दोन्ही तळव्यांत घोळवा, हळूहळू, साल फाटू न देता, आतला गर मऊ होईपर्यंत. आता खा. तेच फळ, पण आता माणूस विचारतो, "हे वेगळं का?" काल एकाने विचारलं, हे कशावर औषध आहे. म्हटलं, जिभेवर. पोटाला हलकं असतं, तोंडाची चव गेली असेल तर परत आणतं, याच्यापुढे मी काही छातीठोक सांगत नाही.

घोळवण्यात वहिनीचा हात धरणारं कुणी नव्हतं. तुझ्या बशीत ठेवायच्या आधी ती एकेक फळ घोळवायची आणि तू खाऊन म्हणायचास, "या वर्षी गोड आहे." आम्ही दोघी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावायचो.

तुझी खारू


दि. १० ऑक्टोबर

चि. खारू हीस,

अनेक आशीर्वाद. तुझे प्रश्न तीन, म्हणून उत्तरेही तीन.

पहिले: मधमाश्या आल्या होत्या. भरपूर आल्या होत्या. मी त्यांच्यात उभा राहून पाहिले आहे.

दुसरे: औषध कोणीही मारलेले नाही. माझ्या परवानगीवाचून अंगणात कोणी काही मारत नाही.

तिसरे: दुसऱ्या झाडाबद्दल कोणतीही तक्रार नाही.

शेणखत घातले. दोन हात अंतर सुतळीने मोजून घेतले. चिरंजीव गॅलरीतून पाहत होते. म्हणाले, "बाबा, किती करताय एका झाडासाठी." मी वर पाहिले नाही.

फळे घोळवण्याविषयी तू लिहिलेस, ते मला ठाऊक नव्हते. म्हणजे इतकी वर्षे मी ज्याची स्तुती केली, ते फळ नव्हते. तू हे आता लिहिलेस ते योग्यच केलेस. मात्र तेव्हा सांगितले असतेस तर स्तुती योग्य पत्त्यावर पोहोचली असती.

आणखी एक. मागील पत्रात तू 'कुरकुरतात' हा शब्द दोन ओळींत तोडलास. शब्द तोडायचा असेल तर समासाचा अंदाज आधी घ्यावा.

तुझा वडील बंधू


दि. २ नोव्हेंबर

ती. दादा,

नमस्कार. तू समासाचं सांगितलंस, म्हणून हे पत्र जपून लिहितेय.

दुसरं झाड ठीक आहे हे वाचून मोठा घोर गेला. मग दोष एकतर हवेचा, नाहीतर ऐन फुलात उन्हाचा ताव जास्त पडला असेल. असं एखादं वर्ष जातं. माझ्याकडे फालशाचं तसंच झालं होतं. फालसा तुला माहीत नसेल. जांभळ्या मण्यांएवढं फळ, सरबताला त्याच्यासारखं दुसरं नाही. त्याला दरवर्षी कमरेइतकं छाटून टाकावं लागतं, कारण फळ येतं ते नव्या फुटव्यावर. एक बाई माया लावून तीन वर्षं कात्रीच लावेना. मग मला विचारत आली, हे रुसलं का? म्हटलं, रुसलं नाही, तुम्ही त्याला म्हातारं होऊ दिलंत. फालशाचं आणखी एक, सगळी फळं एकदम पिकत नाहीत. रोज थोडी थोडी तोडायची, आणि तोडलेलं दुसऱ्या दिवशी टिकत नाही. दुकानात कसं दिसणार ते? ज्याच्या अंगणात असेल त्यालाच ते माहीत.

फेब्रुवारीच्या शेवटी मी तुझ्याकडे येते. फुलं उमलताना दोन्ही झाडं डोळ्यांनी बघते, म्हणजे तुझ्या शब्दाला धोका नको. सूनबाईला सांग, मला जमिनीवर बसायचा आग्रह करू नये.

तुझी खारू


दि. १५ नोव्हेंबर

चि. खारू हीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या येण्याच्या विचाराबद्दल आभारी आहे. परंतु तू येण्याची तसदी घेऊ नये. प्रवास सात तासांचा आहे. तुझे गुडघे दुखतात. फेब्रुवारीत घराला रंग देण्याचा विचार आहे, म्हणजे रंगाचा वास असेल. पाहुण्यांच्या खोलीचे दार नीट लागत नाही. शिवाय तुझ्या रोपांना तुझी गरज आहे.

झाडाची प्रगती समाधानकारक आहे.

तुझा वडील बंधू


दि. २८ नोव्हेंबर

ती. दादा,

तुझी नवी काठी कोणत्या झाडाची आहे?

खारू


दि. ९ जानेवारी

चि. खारू हीस,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र एका ओळीचे होते. त्याचे उत्तर लिहावयास सहा आठवडे लागले. या सहा आठवड्यांत मी आजारी नव्हतो व पत्र गहाळही झालेले नव्हते.

काठी जगमाच्या दुसऱ्या झाडाची आहे.

तुझी वहिनी गेली त्यानंतर चार महिन्यांनी, म्हणजे मागील जानेवारीत, मी ते तोडवले. न्हाणीघराच्या पलीकडे, घराच्या बगलेत ते उभे होते. वीस वर्षांत त्याने एक फळ दिले नाही. फुले येत, पिवळसर झुपक्यांची, आणि वाळून खाली पडत. मग ती झाडावी लागत. खोडाला काटे. सूनबाईची ओढणी दोनदा अडकून फाटली. घरातील एक माणूस कमी झाले की माणूस घर आवरावयास घेतो, तसे मी घेतले. आमच्या छापखान्यात जो खिळा झिजून उमटेनासा होई, तो वितळवण्याच्या डब्यात टाकीत. मी तेच केले. बुंधा मुळासकट काढला, कारण मी अर्धवट काम करीत नाही.

"कोणतीही तक्रार नाही" हे वाक्य खोटे नव्हते. परंतु ते तुला फसवण्यासाठी लिहिले होते, आणि ते खोट्याहून वाईट आहे. असे वाक्य मी आयुष्यात प्रथमच जुळवले.

त्या झाडाचा आणि या झाडाच्या फळांचा संबंध काय, हे मला अद्याप समजलेले नाही. तुझ्या एका ओळीवरून संबंध आहे, एवढे समजले. तो काय ते लिही. ज्या शब्दांत लिहावेसे वाटेल त्या शब्दांत लिही.

तुझा वडील बंधू


दि. १८ जानेवारी

ती. दादा,

नमस्कार. ज्या शब्दांत लिहावंसं वाटलं ते सगळे शब्द मी पाणी घालणाऱ्या बाईंना ऐकवले. त्या खूश झाल्या. आता माझं मन शांत आहे, तेव्हा सरळ लिहिते.

जगमात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. फळं मादी झाडाला लागतात. पण नराच्या फुलातली पिवळी धूळ तिच्या फुलापर्यंत पोचली तरच. ती नेतात मधमाश्या. तू तोडलास तो नर. तुझ्या मादीवर माश्या आल्या, मध घेतला आणि गेल्या. आणायला त्यांच्याकडे काही नव्हतंच. तुझ्याकडे जुळारीपणातलं भिंग असेल ना, तर मार्चमध्ये तुझ्या झाडाचं एक फूल त्याखाली धर. मधोमध हिरवा दाणा दिसेल. भोवती पिवळा झुपका दिसणार नाही. तो झुपका तू खराट्याने झाडलास.

आणि आता बाटली. दोन झाडांच्या मध्ये न्हाणीघराची भिंत. आभाळ आलं की माश्या पलीकडे फिरकत नाहीत. म्हणून मीच वहिनीला सांगितलं होतं, फुलोऱ्यात नराच्या चार डहाळ्या तोडायच्या, पाण्याच्या बाटलीत ठेवायच्या आणि बाटली मादीच्या फांदीला टांगायची. झाडं फुलायला लागल्यापासून तिचं एक वर्ष चुकलं नाही. मी तिला एकदा विचारलं होतं, दादाला हे सांगितलंस का? तर म्हणाली, "त्यांनी विचारलं की सांगेन."

हे वाचून तुला लागेल. लागू दे. पण आता बसून राहू नकोस, कारण अजून वेळ आहे.

माझ्याकडे तीन नर झाडं आहेत. फुलं मार्चच्या पहिल्या आठवड्यात येतील, तुझ्याकडेही त्याच सुमाराला. टपालाने फुलं जात नाहीत. पाण्यात ठेवली तर तीन-चार दिवस तग धरतात. मी आणली असती, पण गेल्या महिन्यात ओल्या फरशीवर घसरले आणि पावलाचं हाड मोडलं. प्लास्टर आहे. बसची पायरी मला मार्चअखेरपर्यंत बंद.

तेव्हा तुलाच यावं लागेल. तीच बाटली घेऊन ये.

माझ्या फाटकाच्या आत तू अजून पाऊल टाकलेलं नाहीस. चौथीनंतर छापखान्यात गेलास, माझी फी भरलीस, मी मास्तरीण होणार म्हणून सगळ्या गल्लीला सांगितलंस आणि मी माती विकायला बसले. तुझा राग मला कळतो. पण दादा, मी सव्वीस वर्षं शिकवतेच आहे. फक्त माझ्याकडे येणाऱ्यांच्या हाताला माती असते.

तुझी खारू


दि. १ फेब्रुवारी

चि. खारू हीस,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मी चार वेळा वाचले. तुझ्या वहिनीचे वाक्य त्याहून अधिक वेळा.

तुला एक गोष्ट सांगावयाची आहे. ती तू मला सांगितली असतीस तर मी मान्य केली नसती, म्हणून मीच सांगतो. जुळाऱ्याच्या पेटीत काही खिळे कोरे असतात. त्यांच्यावर अक्षर नसते, उंचीही कमी असते, आणि कागदावर ते कधीही उमटत नाहीत. दोन शब्दांच्या मध्ये ते बसवावयाचे. नवा मनुष्य त्यांना निरुपयोगी समजतो. ते काढले तर शब्द एकमेकांवर चढतात, ओळ सैल होते आणि उचलताच सगळी अक्षरे जमिनीवर सांडतात. सेहेचाळीस वर्षे मी हे खिळे दिवसाला हजारांनी बसवले. नव्या पोरांना त्यांच्यावरून मी रागे भरलो आहे. आणि अंगणात मात्र मी झिजलेला खिळा आणि कोरा खिळा यांतला फरक ओळखला नाही.

मी सहा मार्च रोजी सकाळी सातच्या बसने निघेन व दुपारी दोनपर्यंत पोहोचेन. मला घेण्यास कोणी येऊ नये. पत्ता पाठ आहे. सव्वीस वर्षे पाकिटावर लिहीत आहे.

काठी आणतो आहे. तिच्यावाचून मला चालता येत नाही. तू तिच्याकडे पाहून काही बोलू नयेस.

तुझा वडील बंधू


दि. १२ मार्च

ती. दादा,

नमस्कार. फुलं कशी पोचली ते ताबडतोब कळव. इथे मला चैन नाही.

काठीबद्दल मी बोलले नाही, हे लक्षात घे. जीभ चावून गप्प बसले. तू मात्र फाटकातून आत आलास, प्रत्येक रोपाची पाटी वाचलीस आणि पाणी पिण्याच्या आधी दोन पाट्या दुरुस्त केल्यास. बाई म्हणाल्या, "हे पाहुणे की तपासनीस?" तू गेल्यावर मी आणखी एक पाटी बघितली. कवठाची. तिथे तू काही दुरुस्त केलं नव्हतंस, खाली बारीक अक्षरात लिहिलं होतंस, "हातभर उंचीवरून टाकून पाहावे. उसळले तर कच्चे, धप्पकन बसले तर पिकले." मी तुला सहज बोलता बोलता सांगितलं होतं. आता गिऱ्हाइकं वाचतात आणि दुकानभर कवठं आपटतात.

नराच्या झाडापाशी तू बराच वेळ उभा होतास. मी मुद्दामच आले नाही तिकडे.

तुझी खारू


दि. २० मार्च

चि. खारू हीस,

अनेक आशीर्वाद. फुले सुखरूप पोहोचली. सविस्तर लिहितो.

बाटली सात तास मांडीवर धरली होती. शेजारच्या प्रवाशाने विचारले, "आजोबा, फुलं कुणाला?" मी म्हणालो, "झाडाला." तो थोडा दूर सरकला. अर्ध्या तासाने त्याला राहवले नाही. "आणि झाड काय म्हणतं?" मग मी त्याला नर झाड, मादी झाड, माश्या, भिंत, सर्व क्रमाने समजावले. तो उतरला तेव्हा पुढच्या बाकावरच्या बाईंनी सांगितले की त्याचा थांबा मागेच गेला होता.

बाटली सूनबाईने स्टुलावर चढून टांगली. तार तिला कशी वळवायची ते ठाऊक होते. मी आश्चर्य व्यक्त केले, तेव्हा म्हणाली, "आई टांगायच्या तेव्हा स्टूल मी धरायचे. मला वाटायचं, त्यांची हौस." मी म्हणालो, "मलाही." ती म्हणाली, "पण बाबा, मी आठ वर्षांत विचारलं नाही. तुम्ही?" मी स्टूल धरले. ऊन वर आले तशा माश्या आल्या. प्रथम बाटलीवर बसल्या, मग झाडावर गेल्या, पुन्हा बाटलीवर. मी भिंग घेऊन मागे खुर्ची टाकून बसलो. एका माशीच्या पायांना पिवळे लागलेले मी स्वतः पाहिले.

तू ओल्या फडक्यात गुंडाळून दिलेल्या नराच्या डहाळीवरचे दोन डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, मी मादी झाडाच्या उत्तरेकडच्या फांदीवर भरले; पुढे नराची फुले याच झाडावर यावीत. तू दाखवलेस तसेच: सालीला उभी-आडवी चीर, साल अलगद उचलणे, डोळा आत सरकवणे, पट्टी घट्ट बांधणे. हात थरथरतील असे चिरंजीवांना वाटत होते. ते जवळ उभे होते. चहाचा पेला धरताना माझे हात थरथरतात, ही गोष्ट खरी. डोळा बसवताना थरथरले नाहीत. खिळ्याएवढीच वस्तू, आणि जागाही तेवढीच. चिरंजीव म्हणाले, "बाबा, हे कधी शिकलात?" मी म्हणालो, "अकराव्या वर्षी."

तुझा वडील बंधू


दि. २४ एप्रिल

चि. खारू हीस,

अनेक आशीर्वाद. फळे धरली. मिरीएवढी आहेत. दोन्ही डोळे हिरवे आहेत. त्यांना फुले येण्यास दोन-तीन वर्षे लागतील असे तू म्हणाली होतीस. मला घाई नाही.

तुझा वडील बंधू


दि. ६ मे

ती. दादा,

नमस्कार. तुझं चार ओळींचं पत्र बाईंनी नोटीस लावायच्या फळ्यावर टाचून ठेवलंय.

एकच सांगते. फळं मोजू नकोस. जगम संथपणे पिकतं, सगळं एकदम नाही, आणि मधे पाखरं आपला वाटा नेतात. हिरवं तोडलंस तर घोळवूनही उपयोग नाही. गडद जांभळं झालं आणि बोटाला किंचित दबलं की मगच तोड. तुझी मुदत तीस सप्टेंबरची आहे, झाडाची नाही. त्याने दोन आठवडे उशीर केला तर काय करशील?

तुझी खारू


दि. ३० सप्टेंबर

चि. खारू हीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी मुद्दाम दिले नव्हते. उशीर झाला असता तर मी कुऱ्हाड आणून दिली असती. शब्द झाडाने नव्हता दिला, मी दिला होता.

पंचवीस तारखेला टोपली अर्धी होती. झाडावर फळे पुष्कळ होती, परंतु बहुतेक तांबूस, जांभळी थोडीच. सव्वीस आणि सत्तावीसला ढग आले आणि काहीही पिकले नाही. अठ्ठावीसला चिरंजीव खाली आले, टोपलीत पाहिले, झाडाकडे पाहिले आणि म्हणाले, "बाबा, थोडी कच्ची घाला वर. टोपली भरली समजू."

मी म्हणालो, "समजायची नाही. भरायची."

ते वर निघून गेले. काल ऊन पडले. आज सकाळी मी सतरा पायऱ्या उतरून आलो, तेव्हा चिरंजीव आधीच स्टुलावर उभे होते. कामावर जाण्याच्या कपड्यांत, बाह्या वर करून. एकेक फळ बोटाने दाबून पाहत होते आणि जे दबत नव्हते ते सोडून देत होते. सूनबाई टोपली धरून होती. तिची ओढणी फांदीला अडकली, तर तिने ती सावकाश सोडवून घेतली आणि हसली. साडेनऊला टोपली काठोकाठ भरली. चिरंजीवांनी खिशातून आराखडा काढून माझ्या हातात दिला. तो त्यांनी आधीच खिशात घालून आणला होता, यावरून तू काय समजायचे ते समज.

मी आराखडा फाडला नाही. चांगला कागद होता. मी तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला, न्हाणीघराच्या पलीकडची बगलेतली जागा काढून दाखवली, जिथे दुसरे झाड होते. ती जागा मी माझ्या चुकीने मोकळी केली आहे. तेव्हा तिथे मीच राहणे योग्य. मध्ये येणारी न्हाणीघराची भिंत पाडावी, आणि खोलीला एक खिडकी ठेवावी, मागच्या झाडाच्या बाजूला. चिरंजीव म्हणाले, "म्हणजे तुम्ही खाली येताय?" मी म्हणालो, "मी जिंकलो आहे. जिंकलेला मनुष्य पाहिजे तिथे राहू शकतो." तुझ्यासाठी त्या खोलीत एक उंच खुर्ची असेल. जमिनीवर बसण्याचा आग्रह कोणी करणार नाही.

दुपारी जेवणानंतर मी बशीत बारा फळे घेतली. स्वयंपाकघरात, दोघांकडे पाठ करून, एकेक फळ तळव्यांत घोळवले. वेळ लागतो. साल फाटू द्यायची नाही आणि आत मऊ व्हायला हवे. माझ्या हातांना ते नवीन होते. पहिली दोन फाटली, ती मी खाल्ली. बाकीची दहा त्यांच्यापुढे ठेवली. चिरंजीवांनी एक तोंडात टाकले, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "या वर्षी गोड आहे."

मी बशी सूनबाईपुढे सरकवली.

पिकलेली फळे टपालाने टिकत नाहीत, म्हणून सूनबाईने त्यांचा जॅम केला आहे. तो उद्याच्या टपालाने पाठवत आहे, खोक्यात भुसा भरून. बाटली तुझ्या ओळखीची आहे. गळ्याची तार काढू नयेस. जॅम संपला की ती धुऊन, उपडी करून ठेवावी. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती न्यावयास मी येत आहे.

तुझा वडील बंधू